खडकांचा कल आणि रंगांची भाषा

घराचें कौलारू छप्पर कोणत्या बाजूला उतरतें हें घरांतल्या लहान मुलालाहि ठाऊक असतें. पावसाळ्यांत पागोळ्या कोठें गळतात तें त्यानें रोज पाहिलेलें असतें. जमिनीच्या पोटांतील खडकांचे थरहि पुष्कळदां असेच कललेले असतात. वर आढें, खालीं वळचण आणि मध्यें उतरतें पाखें अशी कल्पना केली म्हणजे भूगर्भशास्त्रांतील दोन अवघड शब्द सोपे होतात. आढें ज्या दिशेनें आडवें गेलेलें असतें ती थराची नतिलंब दिशा, आणि पाखें ज्या बाजूला व जितक्या अंशांनीं उतरतें ती थराची नति. या दोन गोष्टी कळल्या म्हणजे जमिनीखालील पाणी कोणीकडे झिरपेल, कोळशाचा थर पुढच्या गांवीं किती खोल सांपडेल, किंवा डोंगराची कूस कोणत्या बाजूला घसरण्याचा संभव आहे, याचा अंदाज बांधतां येतो.

परंतु खडकाला तीन परिमाणें आणि कागदाला दोनच. डोंगरावर मोजलेला उतार सपाट कागदावर उतरवावयाचा कसा, आणि ज्यानें तो डोंगर कधीं पाहिला नाहीं त्याला तो कळावयाचा कसा, हा प्रश्न या शास्त्रापुढें पहिल्यापासून उभा आहे. त्याचें उत्तर शोधतां शोधतां रंग, रेघा, ठिपके व खुणा यांची एक भाषाच तयार झाली. आज संगणकाच्या पडद्यावर बोटाच्या एका दाबानें ठिपक्याचा आकार आणि रंग पालटतां येतो. ही सोय एका दिवसांत आलेली नाहीं; तिच्यामागें दोनशें वर्षांची खटपट आहे.

या भाषेचा पहिला मोठा कारागीर म्हणजे इंग्लंडांतील विल्यम स्मिथ. तो १७६९ सालीं ऑक्सफर्डशायरमधील चर्चिल नांवाच्या खेड्यांत एका लोहाराच्या घरीं जन्मला. विद्यापीठाचें शिक्षण त्याला मिळालें नाहीं. जमिनीची मोजणी करणें हा त्याचा धंदा. समरसेट परगण्यांत कोळशाच्या खाणींत उतरण्याचा आणि पुढें तेथील कालव्याच्या कामावर देखरेख करण्याचा प्रसंग त्याला आला. तेव्हां त्याच्या ध्यानांत आलें कीं, खडकांचे थर ठराविक क्रमानेंच एकावर एक येतात, प्रत्येक थरांतील जीवाश्म ठराविक असतात, आणि ते थर पूर्वेच्या बाजूला मंदपणें कललेले आहेत. लोणी लावलेल्या पावाच्या चकत्या एकीवर एक तिरक्या रचाव्यात, तशी ती रचना त्याला दिसली.

पुढें अनेक वर्षें स्मिथ पायीं, घोड्यावर व टपालगाडींतून देशभर हिंडला, आणि १८१५ सालीं त्यानें इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंडचा कांहीं भाग यांतील थरांचा नकाशा प्रसिद्ध केला. तो १५ तुकड्यांत छापलेला असून सर्व तुकडे जोडले म्हणजे सुमारें साडेआठ फूट उंच व सहा फूट रुंद होत असे. छपाई फक्त रेघांची. रंग प्रत्येक प्रतींत हातानें भरावा लागे. कित्येक ठिकाणीं रंगाची निवड खडकाच्या मूळ रंगावरून केलेली होती. कोळशाच्या थरांना काळसर छटा आणि तांबड्या चिकणमातीच्या थरांना तांबडी. पण स्मिथची खरी युक्ति निराळीच होती. थराचा तळ जेथें भूपृष्ठावर उघडा पडतो, तेथें तो रंग गडद भरी आणि थराच्या माथ्याकडे तो फिकट करीत नेई. त्यामुळें गडद कड दिसली कीं येथें एक थर संपला व त्याच्या खालचा सुरू झाला हें कळे. आणि रंग ज्या बाजूला विरत जाई त्या बाजूला थर कललेला आहे हेंहि कळे. अंक नाहीं, खूण नाहीं. केवळ रंगाच्या गडदपणावरून खडकाचा कल वाचकाच्या डोळ्यांपुढें उभा राहत असे.

या नकाशाच्या सुमारें ४०० प्रती निघाल्या, पण त्यांपासून स्मिथला द्रव्यलाभ झाला नाहीं. बाथ शहराजवळील खाणीच्या व्यवहारांत तो बुडाला होता, आणि लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या वतीनें जॉर्ज ग्रीनो हा दुसरा नकाशा तयार करीत होता. १८१९ सालीं कर्जापायीं स्मिथला सुमारें दहा आठवडे किंग्ज बेंच तुरुंगांत काढावे लागले. ग्रीनोचा नकाशा १८२० मध्यें बाहेर पडला. पुढें १८३१ सालीं त्याच सोसायटीनें आपलें पहिलें वोलास्टन पदक स्मिथला दिलें, आणि अध्यक्ष अॅडम सेजविक यांनीं त्याचा इंग्लिश भूगर्भशास्त्राचा जनक म्हणून गौरव केला. १८३९ मध्यें स्मिथ वारला. ग्रीनोच्या नकाशाच्या १८६५ च्या आवृत्तीवर मात्र तो स्मिथच्या १८१५ च्या नकाशाच्या आधारें केल्याचें स्पष्ट छापण्यांत आलें. नकाशावरील एका ओळीला पन्नास वर्षें लागलीं!

स्मिथनंतर नकाशे पुष्कळ झाले, आणि त्याबरोबर घोटाळाहि वाढला. प्रत्येकजण आपल्या पसंतीचे रंग वापरूं लागला. जर्मनींत क्रिस्टियन केफेरस्टाइन यानें १८२१ मध्यें आपल्या देशाचा भूगर्भीय नकाशा काढला, तेव्हां त्याचे रंग सुचविण्याचें काम प्रत्यक्ष महाकवि गटे यानें केलें. गटेनें रंगांवर मोठा ग्रंथ लिहिलेला होता. त्यामुळें त्याची निवड डोळ्यांना सुखावणारी असणें स्वाभाविक होतें. पण फ्रान्समधील नकाशावर जो रंग एका युगाचा, तोच शेजारच्या देशांत दुसऱ्याच युगाचा ठरूं लागला, तर सरहद्दीवर दोन नकाशे जोडतां येत नसत. खडकाला तर सरहद्द ठाऊक नसते.

या अडचणीवर उपाय शोधण्यासाठीं देशोदेशींचे पंडित १८७८ सालीं पॅरिस येथें व १८८१ सालीं इटलींतील बोलोन्या येथें आंतरराष्ट्रीय भूगर्भशास्त्र परिषदेंत जमले. बोलोन्याच्या बैठकींत युरोपचा एक सामायिक नकाशा काढण्याचें ठरलें, आणि त्यासाठीं ट्रायासिक काळाला जांभळा, ज्युरासिकला निळा, क्रेटेशसला हिरवा व त्यानंतरच्या तृतीय युगाला पिवळा असे रंग पत्करण्यांत आले. अमेरिकेंत जॉन वेस्ली पॉवेल याच्या कारकीर्दींत तेथील सरकारी खात्यानें आपली निराळी योजना आखली, आणि त्या दोन घराण्यांतील भेद आजहि सर्वस्वीं मिटलेला नाहीं. तरी भूगर्भीय काळाच्या आंतरराष्ट्रीय कोष्टकांत ज्युरासिक आजहि निळा व क्रेटेशस हिरवाच आहे. निळ्याचा आणि ज्युरासिक काळाचा निसर्गतः कांहींच संबंध नाहीं. पण सर्वांनीं मानला म्हणजे तोच रंग शब्दासारखा अर्थवाही होतो.

रंगाबरोबर खुणांचीहि अशीच वाटचाल झाली. कलाची दिशा दाखविण्यासाठीं ब्रिटिश नकाशांवर बाण काढण्याची चाल पडली. इतरत्र नतिलंब दिशेनें एक लांब रेघ, तिच्या मध्यावर उताराच्या बाजूला काटकोनांत एक आखूड रेघ, आणि शेजारीं अंशांचा अंक, अशी खूण रूढ झाली. थर अगदीं उभा असला तर आखूड रेघ दोहों बाजूंस काढतात. आडवा असला तर वर्तुळांत फुली. ही आखूड रेघ कोणाला क्षुल्लक वाटेल. पण ती विसरली तर अर्थाचा अनर्थ होतो. थराची आडवी दिशा उत्तरेपासून पूर्वेस ४० अंशांवर व उतार ३० अंश, एवढेंच लिहिलें, तर तो थर आग्नेयेकडे उतरतो कीं वायव्येकडे, हें कळण्यास मार्ग राहत नाहीं. म्हणून पुष्कळ भूगर्भशास्त्रज्ञ उजव्या हाताचा संकेत पाळतात: आढ्याच्या दिशेनें तोंड करून उभें राहिल्यास उतार उजवीकडे आला पाहिजे, त्याच बाजूचा अंक लिहावयाचा.

नकाशावर दहावीस खुणा मांडणें ठीक. पण एकाच डोंगरांत शेंकडों थर, भेगा व विभंग मोजले, तर त्यांची सरासरी कोणीकडे आहे हें नकाशावरून उमगत नाहीं. त्यासाठीं दुसरें साधन हवें होतें, आणि तें ज्योतिषाच्या व नकाशाशास्त्राच्या जुन्या पेटाऱ्यांतून निघालें. गोलावरील आकृति सपाट वर्तुळांत उतरविण्याची एक रीति टॉलेमीला ठाऊक होती. यंत्रराजाच्या तबकडीवर ताऱ्यांच्या जागा तिच्याच साहाय्यानें कोरीत. रशियन स्फटिकशास्त्रज्ञ वुल्फ यानें १९०२ सालीं त्या रीतीवर आखलेलें रेघांचें एक जाळें प्रसिद्ध केलें. त्यांत कोन बरोबर राहतात; पण गोलावरील सारखाच तुकडा वर्तुळाच्या काठाशीं मध्यापेक्षां चौपट क्षेत्रफळाचा दिसतो. ठिपक्यांची गर्दी मोजावयाची असेल तर हा दोष मोठा आहे. १९२५ मध्यें वाल्टर श्मिट यानें त्या कामीं दुसरें जाळें पुढें आणलें. तें लॅम्बर्टनें १७७२ सालीं शोधलेल्या समक्षेत्र पद्धतीवर आखलेलें असून त्यांत कोठेंहि क्षेत्रफळ बिघडत नाहीं. इन्सब्रुक येथील ब्रूनो सांडर व त्याचे अनुयायी यांनीं खडकांच्या बारीक रचनेचा अभ्यास करतांना या जाळ्याचा भरपूर उपयोग केला.

या जाळ्याची कल्पना अशी. एक पोकळ अर्धगोल वाटीप्रमाणें उताणा ठेवला आहे आणि खडकाचा थर त्याच्या मध्यबिंदूंतून जातो, असें समजावें. थराच्या पातळीला लंब अशी एक सळई मध्यबिंदूंतून खालीं नेली, तर ती वाटीला एका जागीं टेकेल. ती जागा म्हणजे त्या थराचा ध्रुव. एका थराचा एक ठिपका. शंभर थरांचे शंभर ठिपके.

महाराष्ट्राचेंच उदाहरण घेतां येईल. सह्याद्रीच्या माथ्यावर काळ्या बेसॉल्टचे थर जवळजवळ आडवे आहेत. घाटांत दिसणाऱ्या पायऱ्या त्यांच्याच. आडव्या थराला लंब असलेली सळई थेट खालीं जाते, म्हणून त्यांचे ठिपके वर्तुळाच्या मध्याशीं गोळा होतात. पण पनवेलच्या परिसरांत व मुंबईकडे हेच थर पश्चिमेस समुद्राकडे कांहीं अंशांनीं कललेले आढळतात. थर पश्चिमेला कलला कीं सळईचें टोंक पूर्वेकडे सरकतें, आणि ठिपक्यांचा पुंजका मध्यापासून थोडा पूर्वेला जातो. घाटमाथ्याचे ठिपके एका रंगांत व किनाऱ्याचे दुसऱ्या रंगांत दाखविले, तर सारा पश्चिम किनारा कसा वांकला आहे ही गोष्ट एका वर्तुळांत दिसते. एकाच रंगांत दाखविले, तर एकच पसरट पुंजका दिसेल आणि मुख्य गोष्ट लपून जाईल.

संगणक येण्यापूर्वीं हें काम मोठें चिकाटीचें असे. जाळ्यावर ट्रेसिंग पेपर ठेवावयाचा, मध्यावर टांचणी टोंचावयाची, प्रत्येक मोजमापासाठीं कागद फिरवावयाचा, अंश मोजून ठिपका द्यावयाचा आणि कागद पुन्हां मूळ जागीं आणावयाचा. ठिपके झाले कीं त्यांची दाटी मोजणें आलें. त्यासाठीं एकूण क्षेत्रफळाच्या शंभराव्या हिश्शाचें एक वर्तुळ, म्हणजे २० सेंटिमीटर व्यासाच्या जाळ्यास २ सेंटिमीटरचें, जागोजाग सरकवीत त्यांत किती ठिपके येतात तें लिहावयाचें, आणि सारख्या दाटीच्या जागा रेषांनीं जोडावयाच्या. रंगीत छपाई महाग. म्हणून विरळ भागांत ठिपके, मधल्या भागांत तिरक्या रेघा आणि सर्वांत दाट भागांत काळी शाई, असा क्रम असे. गरिबीचा हा मार्ग एका दृष्टीनें फार चांगला होता. जितकें दाट तितकें काळें, हें कोणालाहि समजावून सांगावें लागत नसे.

१९८० नंतरच्या दशकांत घरगुती संगणक आले आणि टांचणी व ट्रेसिंग पेपर मागें पडूं लागले. कॉर्नेल विद्यापीठांतील रिचर्ड ऑलमेंडिंगर यांचें ‘स्टिरिओनेट’, न्यू पाल्झ येथील फ्रेडरिक व्हॉल्मर यांचें ‘ओरिएंट’ अशीं सॉफ्टवेअरें विद्यार्थ्यांच्या हातीं आलीं. मोजमापांचें कोष्टक भरलें कीं हजार ठिपके क्षणांत पडतात. त्यापुढें सर्व मर्जीचा मामला. ठिपका गोल हवा कीं चौकोनी, भरीव कीं पोकळ. थरांना निळा आणि भेगांना तांबडा. रेघ जाड, बारीक कीं तुटक. दाटीच्या रेषा किती अंतरानें काढावयाच्या आणि त्यांच्यामधील जागा कोणत्या छटांनीं भरावयाच्या, हें सर्व ठरवितां येतें. एकदां बसविलेली रंगयोजना जपून ठेवून पुढच्या आकृतीला तीच लावतांहि येते. स्मिथच्या प्रत्येक प्रतीवर जें काम रंगाऱ्यानें कुंचल्यानें केलें, तें आतां डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच होतें.

मात्र रंग सोपे झाले तशी भूलहि सोपी झाली. दाटी दाखविण्यासाठीं इंद्रधनुष्याचे सर्व रंग क्रमानें वापरण्याची प्रथा फार पसरली. पण इंद्रधनुष्यांत उजेडाचा क्रम एकसारखा नाहीं. मधला पिवळा सर्वांत तेजस्वी, आणि दोन्ही टोंकांचे निळा व तांबडा हे त्याहून गडद. त्यामुळें जेथें आंकडे हळूहळू वाढत आहेत, तेथें डोळ्याला एकाएकीं सीमा पडल्यासारखी वाटते, आणि मधली किंमतच सर्वांत मोठी आहे असा भास होतो. शिवाय सर्वांना सर्व रंग सारखे दिसत नाहींत. अणुसिद्धान्ताचा प्रवर्तक जॉन डाल्टन यानें १७९४ मध्यें मँचेस्टर येथें आपल्याच दृष्टिदोषाचें वर्णन वाचून दाखविलें होतें. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारें ८ टक्के लोकांना तांबडा व हिरवा यांतील फरक नीट कळत नाहीं. थर तांबडे आणि भेगा हिरव्या काढल्या, तर अशा वाचकापुढें दोन्हींचा एकच गोंधळ उभा राहतो.

या दोषाकडे आतां शास्त्रज्ञांचें लक्ष गेलें आहे. २०२० सालीं फाबियो क्रामेरी व त्यांचे दोन सहकारी यांनीं एक निबंध लिहून शास्त्रीय आकृत्यांतील रंगांच्या दुरुपयोगावर बोट ठेवलें. ज्यांत गडदपणा सारख्या पायऱ्यांनीं वाढतो, आणि काळ्यापांढऱ्या छपाईंतहि ज्यांचा क्रम मोडत नाहीं, अशा रंगमाला आतां तयार मिळतात. म्हणजे जितकें दाट तितकें गडद हा शाईच्या काळचा नियमच नव्या वेषांत परत आला आहे.

कोणी म्हणेल, रंगाचा एवढा बाऊ कशाला? याचें उत्तर इटलीच्या ईशान्य भागांतील वायोंत धरणाच्या हकीकतींत सांपडतें. सुमारें २६२ मीटर उंचीचें हें धरण १९६० पर्यंत बांधून झालें. जलाशयाच्या दक्षिणेस माँटे टोक नांवाचा डोंगर असून त्याच्या कुशींतील चुनखडीचे थर पाण्याच्या बाजूला उतरत होते, आणि थराथरांमध्यें चिकणमातीचे पातळ पापुद्रे होते. धरणाचा आराखडा करणारे कार्लो सेमेन्झा यांचा मुलगा एदोआर्दो हा भूगर्भशास्त्रज्ञ होता. त्यानें तो डोंगर हिंडून पाहिला, आणि ही कूस म्हणजे पूर्वीं कधीं तरी घसरून आलेला प्रचंड जुना दरडखंड आहे, असें १९६० च्या अहवालांत एका सहकाऱ्यासह मांडलें. त्याच वर्षीं नोव्हेंबरमध्यें एक लहान दरड कोसळली आणि डोंगरावर सुमारें दोन किलोमीटर लांबीची भेग पडली. तरी घसरण हळूहळू होईल व पाण्याची पातळी कमीजास्त करून ती आवरतां येईल, असें मानण्यांत आलें. ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्रीं सुमारें २७ कोटी घनमीटर खडक एका मिनिटाच्या आंत जलाशयांत उतरला. पाण्याची लाट धरणावरून उसळून खालच्या लाँगारोने गांवावर आदळली आणि सुमारें २,००० माणसें प्राणास मुकलीं. धरण मात्र जागच्या जागीं उभें राहिलें.

चांगल्या आकृतीनें ही आपत्ति टळली असती असें म्हणणें धाडसाचें होईल. तेथें माहितीपेक्षां माहितीवरचा विश्वास उणा पडला. पण थरांचा कल ज्यानें पाहिला त्याच्या डोळ्यांतून ज्याला निर्णय करावयाचा त्याच्या डोळ्यांत तो जसाच्या तसा पोंचणें किती महत्त्वाचें आहे, हें त्या रात्रीनें दाखविलें. आज डोंगर कापून रस्ता किंवा धरण करावयाचें असलें, म्हणजे अभियंते याच वर्तुळांत उताराची पातळी काढतात, खडकाच्या घर्षणाचा कोन दाखविणारें लहान वर्तुळ काढतात, आणि ज्या भागांत ध्रुव पडल्यास थर घसरण्याचा संभव आहे तो भाग ठळक रंगानें भरतात. त्या रंगीत पट्ट्यांत किती ठिपके पडले, यावर माणसांची सुरक्षितता ठरते. तेथें रंग मन मानेल तसा बदलला, किंवा एका पानावर धोक्याचा असलेला तांबडा दुसऱ्या पानावर केवळ शोभेसाठीं वापरला, तर तो अपराधच म्हणावा लागेल.

म्हणून अनुभवी मंडळी कांहीं साधे नियम पाळतात. प्रत्येक रंगाचा व खुणेचा अर्थ आकृतीशेजारीं लिहावा. जाळें समकोन कीं समक्षेत्र, अर्धगोल वरचा कीं खालचा, आणि मोजमापें किती, हें सांगावें; दहा ठिपक्यांवरहि सुंदर छटा भरतां येतात, पण त्यांवर कोणी विसंबूं नये. जेथें दोन वस्तूंतील भेद महत्त्वाचा, तेथें रंगाबरोबर आकारहि निराळा ठेवावा. एका ग्रंथांत एका गोष्टीला आरंभापासून अखेरपर्यंत एकच रंग असावा. आणि आकृति एकदां काळ्यापांढऱ्या रूपांत छापून पाहावी. त्यांतहि अर्थ टिकला तर रंगयोजना खरी.

या नियमांत नवें असें फार थोडें आहे. स्मिथजवळ संगणक नव्हता, समक्षेत्र जाळें नव्हतें, ठरलेल्या रंगांचें कोष्टकहि नव्हतें. पण कुंचला थराच्या तळाशीं जड ठेवून माथ्याकडे हलका करीत जावा, असें त्यानें ठरविलें, तेव्हां त्याच्या मनासमोर ज्यानें ती खाण कधीं पाहिली नाहीं असा वाचक होता. पडद्यावर हजारों रंग हात जोडून उभे असतांहि त्या वाचकाची आठवण ठेवणें, हेंच आजच्या आकृतिकाराचें पहिलें काम आहे.